तारेची खांदामळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी मराठवाड्यात बैलांची खांदामळणी होते. वर्षभर जू वाहून जिथली कातडी राठ झालेली असते, नेमक्या त्या जागी हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात. शिंगांचा रंग, झूल, गोंडे हा सारा साज दुसऱ्या दिवशीचा. आदल्या संध्याकाळचा मान फक्त घासल्या जागेचा. जनावर आधी कुठे दुखावते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

त्याच शेतकऱ्याच्या दाराशी आता एमएच २४ नाहीतर एमएच २६ क्रमांकाची मोटारसायकल उभी असते. बियाण्याची पिशवी, खताचे पोते, दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, शाळेला उशीर झालेली दोन पोरे, असे सगळे ती वाहते. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत बैलाची कितीतरी कामे तिने उचलली आहेत. तिचे इंजिन ऑईल वेळेवर बदलले जाते, साखळीवर तेल पडते, दसऱ्याला झेंडूची माळही चढते. कोरडी राहते ती एकच गोष्ट: हँडलवरून निघून टाकीखालून इंजिनापर्यंत जाणारी काळी केबल. गॅरेजच्या भाषेत तिला क्लच वायर म्हणतात. तिच्या जोडीला ॲक्सिलेटरची म्हणजे रेसची वायर असते, पुढच्या ड्रम ब्रेकची असते, जुन्या गाडीत चोकची आणि मीटरची असते. गाडी चालवणाऱ्याचा हात आणि यंत्र यांच्यामधला सगळा व्यवहार या चार-पाच तारांवर चालतो.

क्लच जड झाला की बहुतेकांचा संशय क्लच प्लेटवर जातो. प्लेटा बदलल्या जातात, खर्च होतो, आणि गाडी हातात आल्यावर लिव्हर तितकाच जड लागतो. दोष बहुधा तारेत असतो, आणि दोन-तीन चमचे तेल व संध्याकाळचा अर्धा तास एवढ्यात तो दूर होऊ शकतो. एवढी स्वस्त आणि एवढी दुर्लक्षित दुरुस्ती गाडीवर दुसरी नाही.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सराफा, चपला, मिरची, गूळ, कापड अशा बाजारांतून निघालेली गर्दी त्या गोल इमारतीभोवती फिरत राहते. तिथे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जातच नाही. पहिला गिअर, अर्धा क्लच, चार हात पुढे, पुन्हा क्लच. नांदेडला वजिराबादच्या रस्त्यांवर किंवा देगलूर नाक्यावर संध्याकाळी हेच चित्र दिसते. दिवसाला दोनशे वेळा लिव्हर दाबला असे धरले, तरी वर्षाकाठी ७३,००० वेळा ती तार आपल्या नळीत वर-खाली घासते. गावोगाव दूध गोळा करणाऱ्याच्या गाडीचा आकडा याहून मोठा भरेल. एवढ्या घासणीला वंगण नको का?

तारेचा हा प्रकार फार जुना नाही. लंडनच्या अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी १८९६ मध्ये त्याचे पेटंट घेतले, म्हणून जगभर त्याला बाउडेन केबल म्हणतात. त्याआधी हाताचा जोर दूरच्या भागापर्यंत न्यायचा तर सरळ सळया, बिजागऱ्या आणि कोपरे लावावे लागत. मराठवाड्यातल्या ज्येष्ठांना ती व्यवस्था आठवत असेल, कारण काळ्या रंगाच्या, उंच दांड्याच्या दूधवाल्या सायकलींचे ब्रेक अशाच सळयांचे होते आणि काही खेड्यांत अजून आहेत. सळई वळत नाही. हँडल मात्र वळते. वळणाऱ्या हँडलवरून न वळणाऱ्या सळईने ब्रेक लावायचा म्हणजे जोडांवर जोड आले, आणि प्रत्येक जोडात खडखड आली. बाउडेनच्या रचनेने ही अडचण मुळातूनच सोडवली.

तिची खुबी बाहेरच्या नळीत आहे. वरवर पाहता नळी म्हणजे तारेवरचे आवरण वाटते, पण ती आवरण नाही, जोडीदार आहे. पोलादी तारेचे एकमेकांना चिकटलेले वेढे देऊन ती बनवतात. घट्ट दाबलेल्या स्प्रिंगसारखी ती असते, त्यामुळे कुठेही वळते, पण लांबीत दबत नाही. तिच्यावर काळ्या प्लॅस्टिकचा थर असतो आणि अलीकडच्या केबलींत आतून नायलॉनसारख्या गुळगुळीत पदार्थाची बारीक नळी. मधून जाणारी तार ही एकच जाड तार नसते. केसांसारख्या पण पोलादी अशा अनेक बारीक तारा पिळून ती होते. दोन्ही टोकांना धातूचे छोटे निपल असते, कुठे ढोलकीच्या आकाराचे, कुठे पेरूसारखे. लिव्हर दाबला की आतली तार ओढली जाते आणि तितक्याच जोराने बाहेरची नळी दाबली जाते. या ओढीचा आणि दाबाचा हिशेब जुळलेला असतो, म्हणून हँडल डावीकडे वळवा की उजवीकडे, तारेची ढील बदलत नाही. नळी कुठे चेपली, तुटली किंवा तिचे टोक बसण्याच्या वाटीतून निसटले तर हा हिशेब बिघडतो. मग तार नवी असूनही क्लच अर्धवट सुटतो.

भारतात ही तार घरोघर पोहोचली ती आधी सायकलमुळे आणि मग स्कूटरमुळे. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकला तर गिअरसाठीही तारा होत्या. डाव्या मुठीत क्लच धरून मूठ पिळायची, की एक तार ओढली जाई आणि दुसरी सैल पडे. शिवाय क्लचची वेगळी, पुढच्या ब्रेकची वेगळी, रेसची वेगळी. त्या काळात चेतकच्या डिकीत जास्तीची वायर आणि पक्कड असणे हे शहाणपणाचे लक्षण होते. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्यातच दुचाकी बनू लागल्या. त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी १०० बाजारात आली, आणि त्याच वर्षी बंगळूरला सुप्रजित इंजिनिअरिंग ही कंपनी स्थापन झाली. वाहनांच्या केबली बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत आज तिची गणना होते. पुढे पायाने टाकायचे गिअर रूढ झाले आणि मुठीतल्या गिअरच्या तारा गेल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा नियम आले, कार्बुरेटर गेला, त्यामागोमाग चोकची तारही गेली. क्लच आणि रेसची तार मात्र शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत जागच्या जागी आहे.

आता घर्षणाकडे. बैल दांडगा असला की गडी दाव्याचे एक टोक हातात धरून ते खांबाला दोन वेढे देतो. मग बैलाने कितीही हिसका दिला तरी पोराच्या हातालाही तो आवरतो. इथे जोर खांबाने धरलेला असतो, आणि वेढा वाढला की धरण्याची ताकद बेरजेने वाढत नाही, पटीपटीने वाढते. अठराव्या शतकातला गणिती लिओनार्ड ऑयलर याने याचे सूत्र मांडले. क्लच वायरला हेच सूत्र लागू पडते, फक्त इथे खांबाच्या जागी नळीची वळणे आहेत. हँडलवरून खाली येताना, गळ्याशी वळताना, इंजिनापाशी उतरताना अशी सगळी वळणे मिळून सहज १८० अंश भरतात.

समजा क्लचच्या टोकाशी दहा किलोचा ओढा लागतो. तार आणि नळी यांमध्ये चांगले वंगण आहे, घर्षणाचा गुणांक ०.१ आहे, तर लिव्हरच्या टोकाशी तारेला १३.७ किलो ओढावे लागेल. वंगण सुकले आणि गुणांक ०.२ झाला की १८.७ किलो. गंज आणि माती बसून तो ०.३ वर गेला की २५.७ किलो. इंजिन तेच, प्लेटा त्याच, आणि हाताला मात्र जवळजवळ दुप्पट कष्ट. लिव्हरमुळे बोटांना यातला काही अंशच जाणवतो, पण प्रमाण बदलत नाही. मनगट दुखते म्हणून मलम लावणाऱ्या कितीतरी जणांनी खरे तर तारेला तेल द्यायला हवे.

रेसच्या तारेत हेच घर्षण उलट दिशेने काम करते आणि तिथे ते जिवावर बेतू शकते. मूठ सोडली की इंजिनाकडची स्प्रिंग तार परत ओढून घेते. तार कोरडी आणि गंजलेली असेल तर दहा किलोच्या स्प्रिंगचा मुठीपर्यंत चार किलोही जोर पोहोचत नाही. मग मूठ सोडल्यावरही रेस हळूहळू उतरते, किंवा मध्येच अडकून राहते. लोहा-अहमदपूर रस्त्यावर समोर अचानक म्हैस आली आणि रेस उतरली नाही, तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. म्हणून रेसच्या वायरची परीक्षा रोजची असावी: इंजिन बंद असताना मूठ पूर्ण पिळून सोडायची, ती खटकन् आपोआप मागे आली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे वळवून एकदा आणि पूर्ण उजवीकडे वळवून एकदा. मग इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवायचे. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर तार कुठेतरी ताणली जाते आहे किंवा चुकीच्या जागेवरून नेली आहे. या परीक्षेला अर्धे मिनिट लागते.

मराठवाड्याची हवा-माती तारेला फारशी मानवत नाही. इथली काळी माती बसाल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यातले चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. उन्हाळ्यात शेतरस्त्याने गाडी गेली की हाच फुफाटा उडतो आणि निपलच्या भोकातून, ॲडजस्टरच्या खाचेतून आत शिरतो. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते, मडगार्डखाली गच्च बसते आणि पुढच्या ब्रेकच्या तारेचे खालचे टोक तिच्यात गाडले जाते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. भर उन्हात कचेरीसमोर उभ्या गाडीच्या केबलचे प्लॅस्टिक वर्षा-दोन वर्षांत कडक होते, त्याला भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून नळीच्या पोलादापर्यंत जातो. तारेवरचा जस्ताचा मुलामा काही काळ स्वतः झिजून पोलादाला वाचवतो. तो संपला की तांबूस गंज दिसू लागतो.

धुलाईचे पाणीही यात भर घालते. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने लिव्हरच्या बुडाशी पाणी मारले की ते तारेतून खाली झिरपते आणि सोबत वंगण घेऊन जाते. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. त्या शहरात ओल्या फडक्याने गाडी पुसण्याची सवय असलेले लोक पाण्याबरोबर तारही वाचवतात.

मग तेल कोणते? या प्रश्नावर चुका सर्वांत जास्त होतात, आणि त्या घरात हाताशी असलेल्या तेलापासून सुरू होतात. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ, आणि रब्बी ज्वारीत करडईच्या ओळी हे या भागाचे जुने चित्र. स्वयंपाकघरातले करडईचे किंवा सोयाबीनचे तेल तारेत सोडणारे लोक आहेत. पहिले आठ दिवस क्लच लोण्यासारखा चालतो. नंतर तो पूर्वीपेक्षा जड होतो. याचे कारण तेलाच्या बरणीवर दिसते. बाहेरून ओघळलेला थेंब महिनाभराने कसा पिवळट, चिकट, नखाने खरवडावा लागेल असा होतो, ते पाहावे. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असते. हवेतला प्राणवायू त्याच्या रेणूंना एकमेकांशी सांधतो आणि तेलाचा रोगणासारखा थर बनतो. याच गुणामुळे करडईचे आणि जवसाचे तेल रंग बनवणाऱ्यांना हवे असते. आहारात जे उत्तम, ते तारेत गोंद होऊन बसते. एरंडेल असे वाळत नाही. बैलगाडीच्या आसाला ते चालत असे, पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांतही ते वापरले गेले, आणि कॅस्ट्रॉल हे नावच एरंडाच्या तेलाच्या इंग्रजी नावावरून आले आहे. पण बारीक तारेसाठी ते फार दाट पडते.

दुसरी चूक म्हणजे जळके ऑईल. इंजिनातून काढलेले काळे तेल गॅरेजमध्ये फुकट मिळते. त्यात काजळी, धातूची बारीक पूड आणि आम्ले असतात. तारेला ते देणे म्हणजे पॉलिश पेपरने घासण्यासारखे आहे. तिसरी चूक ग्रीसची. चाकाच्या बेअरिंगला योग्य असलेले दाट ग्रीस नळीच्या मधल्या भागापर्यंत पोहोचतच नाही, टोकाशी साचते आणि फुफाटा धरून ठेवते. ग्रीस निपलला आणि लिव्हरच्या बोल्टला लावावे, नळीत भरू नये.

निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० हा फवारा आता तालुक्याच्या गावीही मिळतो. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत तो तयार झाला. नावातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाला यश आल्याचा, आणि आधीच्या अक्षरांचा अर्थ पाणी हटवणारा असा. काम नावातच आहे. भिजलेल्या, गंजू लागलेल्या तारेतून पाणी आणि घाण बाहेर काढायला तो चांगला. पण त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे उरणारा थर तारेच्या रोजच्या घासणीला पुरत नाही. त्याने धुवावे, वंगण वेगळे द्यावे. साधी पोलादी नळी असलेल्या जुन्या केबलला शिलाई मशीनचे तेल किंवा ताजे, पातळ इंजिन ऑईल उत्तम. आत नायलॉनची किंवा टेफ्लॉनची नळी असलेल्या केबलला केबलसाठीच बनवलेला फवारा किंवा सिलिकॉनचे पातळ वंगण बरे. अशा काही केबलींना कंपनी तेल द्यायलाच सांगत नाही. तेव्हा आधी गाडीसोबतची पुस्तिका उघडावी.

आता प्रत्यक्ष काम. जुने मिस्त्री ते दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्याने करतात, आणि त्याहून साधी युक्ती अजून कुणाला सुचलेली नाही.

क्लचच्या लिव्हरपाशी रबरी टोपी असते, ती मागे सारायची. खाली दातेरी ॲडजस्टर आणि त्याची लॉक रिंग दिसते. रिंग सैल करून ॲडजस्टर पूर्ण आत फिरवायचा म्हणजे तारेला ढील मिळते. ॲडजस्टर, रिंग आणि लिव्हरची बैठक या तिन्हींना एकेक खाच असते. त्या तिन्ही खाचा एका रेषेत आणल्या की तार बाजूने अलगद बाहेर येते. मग निपल लिव्हरच्या भोकातून खाली सरकवून काढायचे. ढील पुरली नाही तर इंजिनाकडचे नट आधी सैल करावेत.

तार हातात आली की आधी डोळ्यांचे काम. निपलजवळचा बोटभर भाग उजेडात धरून सावकाश फिरवायचा. एखादा धागा तुटून बाहेर आला असेल तर तो बोटाला टोचतो. इथेच निकाल लागतो: धागा तुटलेल्या तारेला तेल देण्यात अर्थ नाही, ती बदलायची. सगळे धागे शाबूत असतील तर तार वर-खाली ओढून पाहायची. कचकच लागली तर आत माती आहे, सरकन् फिरली तर फक्त कोरडेपणा.

दुधाची रिकामी पिशवी धुऊन, वाळवून तिचा एक कोपरा कापायचा आणि टोकाला तार जाईल एवढेच भोक पाडायचे. कोपरा नळीच्या तोंडावर चढवून चिकटपट्टीने किंवा सायकलच्या ट्यूबच्या रबराने गच्च बांधायचा. झाले नरसाळे तयार. त्यात दोन-तीन चमचे तेल ओतायचे, नळीचे तोंड वर राहील असे हँडलला बांधायचे आणि आतली तार दोन बोटांनी वर-खाली करत राहायचे. तेल घाईने उतरत नाही. तारेच्या पिळांमधून वाट काढत ते थेंबाथेंबाने जाते. खालच्या टोकाशी कागद ठेवावा. पहिले थेंब काळे-तांबूस पडतात, मग कॉफीसारखे, मग स्वच्छ. रात्रभर तसेच ठेवले तर सकाळी कागदावरचे डाग पाहून वर्षभरात तारेत काय साठले होते ते कळते. स्वच्छ थेंब आला की काम झाले. घाई असेल तर मेडिकलमधली सिरिंज घेऊन तेल भरता येते, पण मुरण्याचा वेळ टाळता येत नाही.

परत बसवताना निपलवर चिमूटभर ग्रीस लावावे. ही चिमूट फार मोलाची आहे, कारण क्लच वायर तुटते ती बहुधा निपलपाशीच. लिव्हर दाबताना निपलने आपल्या भोकात थोडे फिरायचे असते. ते कोरडे पडून अडकले की फिरण्याऐवजी तारच वाकते, दर वेळी त्याच जागी. तारेचा तुकडा वाकवून-वाकवून तोडतात तसेच हे, फक्त ७३,००० वेळांच्या हिशेबाने. लिव्हरचा बोल्टही काढून पुसून ग्रीस लावून घालावा. कित्येकदा जडपणाचा अर्धा दोष या बोल्टाचाच निघतो.

आता ढील. गॅरेजमध्ये तिला प्ले म्हणतात. लहान इंजिनांच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लच लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर आणि रेसच्या मुठीला २ ते ६ मिलिमीटर ढील सांगितलेली असते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. ढील अजिबात नसेल तर क्लच सतत थोडा दाबलेला राहतो, प्लेटा घसरतात, गाडी चढावर रेस घेते पण पळत नाही, पेट्रोल जास्त जाते. ढील फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कचकन् पडतो आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. घट्ट क्लच चांगला, या समजुतीने ढील काढून टाकणारे चालक नव्या प्लेटांचा खर्च स्वतःच ओढवून घेतात.

रेसच्या तारेला तेल देताना मुठीजवळचे स्विचचे खोके उघडावे लागते आणि जास्तीचे तेल खाली कार्बुरेटरकडे किंवा थ्रॉटल बॉडीकडे जाऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते. ब्रेकच्या तारेत तेल कमीच बरे. ते ड्रममध्ये उतरून ब्रेक शूला लागले तर ब्रेकच जातो. १ एप्रिल २०१९ च्या नियमानंतर सव्वाशे सीसीपर्यंतच्या अनेक गाड्यांत पाय-ब्रेक दाबला की तारेमार्फत पुढचा ब्रेकही थोडा लागतो. ही जोड-तार घरी उघडू नये, जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावी. जुन्या मीटरची तार ओढली जात नाही, ती गोल फिरते. तिला खालच्या बाजूने थोडे ग्रीस चालते, वरचा वीतभर भाग कोरडा ठेवावा, नाहीतर वंगण मीटरच्या काट्यापर्यंत चढते.

स्कूटर चालवणाऱ्यांनी आपल्याला हे लागू नाही असे समजू नये. गिअर नसलेल्या स्कूटरला क्लच वायर नसते, पण मागच्या ब्रेकची तार हँडलपासून पायाखालून थेट मागच्या चाकापर्यंत जाते. गाडीवरची ही सर्वांत लांब तार, आणि चिखलाच्या सर्वांत जवळची. कित्येक इलेक्ट्रिक स्कूटरलाही मागच्या ड्रम ब्रेकसाठी तारच आहे. शेतात आलेले पॉवर वीडर आणि गवत कापण्याची यंत्रे यांची कथा आणखी वाईट: हंगामाचे दोन महिने काम आणि उरलेले दहा महिने शेडमध्ये. पुढच्या जूनमध्ये त्यांचा क्लच किंवा रेस अडकलेली सापडते आणि ऐन पेरणीनंतरच्या कोळपणीला खोळंबा होतो. शेडमध्ये ठेवण्याआधी तारांत तेल सोडणे हा त्यावर सोपा उपाय आहे.

तार तुटण्याआधी सूचना देते. लिव्हर हळू परतू लागतो. दाबताना मध्येच अडखळतो. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे आठवड्याला ॲडजस्टर फिरवावा लागणे. पोलादी तार अशी रोज ताणत नाही. ढील वारंवार वाढते म्हणजे आतले धागे एकेक करून सुटत आहेत. नवी केबल बसवल्यावर पहिले काही दिवस मात्र ती थोडी बसते, तेव्हा एकदा ढील पुन्हा जुळवावी लागते. त्यात काळजीचे कारण नाही.

तरीही कधी नांदेड-लातूर रस्त्यावर, अहमदपूर आणि चाकूरच्या मध्ये, जवळ गॅरेज नसताना क्लच वायर तुटतेच. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू करून, गाडीवर बसून पायांनी तिला वेग द्यावा आणि मग पहिला गिअर टाकावा. पुढचे गिअर रेस क्षणभर सोडून पडतात. थांबण्याआधी न्यूट्रल करायचे. मोकळ्या रस्त्याने जवळच्या गॅरेजपर्यंत जाण्यापुरतेच हे ठीक आहे. गावातल्या गर्दीत शिरण्याआधी उतरून गाडी ढकलावी. लांब जाणारे बुलेटस्वार आणखी एक काळजी घेतात: नवी वायर जुनीच्या बाजूनेच नेऊन, टोके झाकून, पट्टीने बांधून ठेवतात. जुनी तुटली की फक्त दोन टोके बदलायची. रोज दुधाचे कॅन घेऊन तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्याने ही युक्ती जरूर उचलावी.

तेलाचे वेळापत्रक इथल्या माणसाला वेगळे लक्षात ठेवावे लागू नये. मृग निघण्याआधी एकदा, म्हणजे उन्हाळ्याचा फुफाटा निघून जाईल आणि पावसाचे पाणी आत ठरणार नाही. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्यांदा, म्हणजे पावसाळ्याचा चिखल निघेल. दसऱ्याला गाडी पुजायचीच असते, तिची खांदामळणी आदल्या दिवशी व्हावी. चिखलाच्या शेतरस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीला पावसाळ्याच्या मध्यावर, पोळ्याच्या सुमारास, आणखी एकदा तेल द्यावे.

आज संध्याकाळी गाडी उभी केल्यावर क्लचची रबरी टोपी मागे सारून निपलजवळची तार एकदा उजेडात पाहा. धागा सुटलेला दिसला तर उद्याच नवी केबल घाला.